तबकडीची शिफारस : रसिकतेची एक कसोटी

संगीतावर लिहिणाऱ्या टीकाकाराचे मत छापले जाते. संगीत ऐकणाऱ्या रसिकाचे मत बहुधा बोलण्यातच विरून जाते. तथापि रसिकाजवळही टीकेचे एक साधन असते आणि ते तो नित्य वापरीत असतो. एखादी ध्वनिमुद्रिका मनास भिडली की तो ती दुसऱ्यास ऐकवितो, उसनी देतो, निदान तिचे नाव सांगतो आणि ‘हे एकदा ऐकाच’ असा आग्रह धरतो. ह्या आग्रहास आपण शिफारस म्हणतो. ही गोष्ट इतकी घरगुती आहे की तिची गणना टीकाव्यवहारात करावी असे सहसा कोणास सुचत नाही. आमच्या मते मात्र शिफारस हा टीकेचाच एक प्रकार आहे. इतकेच नव्हे तर तो सर्वांत लहान आणि सर्वांत जोखमीचा प्रकार आहे. ग्रंथकार आपला निर्णय अज्ञात वाचकांपुढे ठेवून मोकळा होतो. शिफारस करणाऱ्यास मात्र दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या तोंडाकडे पाहावयाचे असते.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक निमित्त घडले. इंदूर येथील आमच्या परिचयाचे एक वृद्ध संग्राहक काही दिवसांपूर्वी निवर्तले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांच्या दोन कपाटांत लाखेच्या जुन्या तबकड्या, पुढच्या काळातील दीर्घवादनाच्या तबकड्या आणि मैफलींच्या ध्वनिफिती अशी मोठी सामग्री होती. घरच्या मंडळींच्या मनात कोणताही दुष्टावा नव्हता. घर लहान, वस्तू जड आणि ऐकणारे कोणी नाही, एवढेच कारण. बराचसा संग्रह वजनावर गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा थोड्याच तबकड्या उरल्या होत्या. त्या हाती घेताना असे दिसले की, काकांनी कित्येक वेष्टनांत लहान लहान चिठ्ठ्या घालून ठेवल्या आहेत. एकीवर लिहिले होते, ‘आधी दुसरी बाजू लावावी. पहिली बाजू आवाज तापण्यापूर्वीची.’ दुसरीवर, ‘तान मोजू नये, तानेनंतर मुखड्याशी येणे पाहावे.’ तिसरीवर, ‘नव्या माणसास ही आरंभी देऊ नये.’

ह्या चिठ्ठ्या वाचताना आमच्या ध्यानी आले की वजनावर गेले ते केवळ लाख आणि प्लास्टिक नव्हे. तबकड्यांतील पुष्कळसे गाणे आज अन्य मार्गांनी ऐकावयास मिळते. पण त्या गाण्याकडे जाण्याची जी वाट एका चोखंदळ कानाने पन्नास वर्षांत मळवली होती, ती पुन्हा मिळणार नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. मुंबई-पुण्यास मैफली नित्याच्या. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अथवा बेळगाव येथेही थोर गवई झाले, परंतु दूरच्या गवयाचे गाणे प्रत्यक्ष कानी पडण्याचे योग तुलनेने विरळ. तेथील पुष्कळ रसिकांचा कान घडला तो एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या तबकड्यांवर आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या चार शब्दांवर. ते चार शब्द कसे असावेत, हा ह्या लेखाचा विषय आहे.

प्रथम शिफारशीचा विषय जी वस्तू, तिचे स्वरूप पाहू. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गायस्बर्ग ह्यांनी कलकत्त्यास गौहरजान ह्यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून आपल्या संगीतास हे नवे पात्र लाभले. पात्र लहान होते. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांहून फारसे काही मावत नसे. जो राग मैफलीत तासभर चाले, तो तेवढ्यात बसविणे म्हणजे वटवृक्ष कुंडीत लावण्यासारखे, असे तेव्हाच्या जाणत्यांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु चांगल्या गवयांनी ह्या मर्यादेतून एक स्वतंत्र घाट निर्माण केला. चीज पहिल्याच क्षणी सुरू होई, अंतरा लवकर येई, तानांना मोजकी जागा मिळे आणि शेवटचा मुखडा तबकडी संपण्याच्या आत समेवर येई. ही संक्षेपाची कला आहे आणि तिचे मूल्यमापन संक्षेपाच्याच कसोटीने व्हावयास हवे. पुढे दीर्घवादनाची तबकडी आली आणि एका बाजूस वीस मिनिटांच्या आसपास अवकाश मिळू लागला. तेव्हा विलंबित लयीतील आलापीचे दर्शन प्रथमच घरबसल्या घडू लागले. त्यानंतर ध्वनिफिती आल्या, त्यांबरोबर खासगी मैफलींची मुद्रणे हातोहात फिरू लागली. आज तर हे सारे खिशातील फोनवर येऊन बसले आहे. प्रत्येक पात्राचा आकार निराळा. म्हणून ‘अमुक गवयाचे ऐका’ एवढे सांगणे ही शिफारसच नव्हे. कोणत्या पात्रातले ऐकावे, हे सांगितल्यावाचून ऐकणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो. तीन मिनिटांत आलापीची अपेक्षा करणारा श्रोता निराश होईल आणि दोष मात्र गवयास देईल.

तबकडी नव्हती तेव्हा टीकाकाराचे काम अधिक अवघड होते, हेही विसरता कामा नये. अल्लादियाखाँसाहेबांचे (१८५५-१९४६) गाणे तबकडीवर नाही. तारुण्यात बडोद्यास फैजमहंमदखाँकडे तालीम घेतलेले भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) ह्यांचेही नाही. ह्या दोघांची आम्हांस जी काही कल्पना आहे, ती गोविंदराव टेंबे ह्यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) ह्यासारख्या ग्रंथांमुळे आणि त्यांच्या शिष्यांच्या गायनामुळे. टेंब्यांना ‘ऐकून पाहा’ असे म्हणून सुटण्याची सोय नव्हती. जे ऐकले ते त्यांना शब्दांत उभे करावे लागले. तबकडीने ही सोय करून दिली आणि त्याबरोबर एक आळसही आणला. वस्तू हाती देता येते, म्हणून तिच्याविषयी काही बोलण्याचे कारण उरले नाही, असे आपण मानू लागलो. वस्तुतः हाती दिलेली वस्तू मुकी असते. ती कोठून पाहावी हे सांगणारा कोणीतरी हवा.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकेस मध्यस्थाची गरजच काय? ती स्वतःच बोलते. ह्या आक्षेपाच्या बाजूने थोर साक्षीदार उभे करता येतील. भीमसेन जोशी ह्यांनी लहानपणी एका दुकानात अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असे गाणे आपल्याला आलेच पाहिजे ह्या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांच्याजवळ कोणी शिफारस केली नव्हती. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेले कुमार गंधर्व तर अजाण वयातच नामवंत गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन श्रोत्यांना थक्क करीत. त्यांनाही कोठे लक्ष द्यावे हे सांगण्याची गरज पडली नसावी.

परंतु ही उदाहरणे प्रतिभावंतांची आहेत. नियम त्यांच्यावरून बसविता येत नाही. शिवाय कुमारांच्याच उदाहरणाचा पुढील भाग पाहण्याजोगा आहे. तबकडी जशीच्या तशी उतरविणारा हा मुलगा मुंबईस प्रा. बी. आर. देवधर ह्यांच्याकडे आला, तेथे त्याला अनेक घराण्यांचे गाणे ऐकण्याची आणि त्याविषयी विचार करण्याची सवय लागली. १९४८ नंतर देवासच्या वास्तव्यात, क्षयाच्या दीर्घ आजारातून उठताना, माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडली. आणि मग जो कुमार गंधर्व आपल्यापुढे आला तो कोणत्याही तबकडीची नक्कल नव्हता. म्हणजे तबकडीपाशी आरंभ झाला; तिच्याकडे कसे पाहावे हे मात्र सहवासातून आले. प्रतिभावंतासही ज्याचा लाभ झाला, तो सामान्य श्रोत्यास नको असे म्हणणे धाडसाचे होईल.

तेव्हा चांगल्या शिफारशीची लक्षणे कोणती, हे ठरविले पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणे ती तीन आहेत.

पहिले लक्षण असे की, तिने स्थळ दाखवावे. ‘अप्रतिम’, ‘दैवी’, ‘अलौकिक’ ही विशेषणे ऐकणाऱ्याच्या हाती काहीच देत नाहीत. काकांची चिठ्ठी, ‘तानेनंतर मुखड्याशी येणे पाहावे’, ही मात्र कानास कामास लावते. जो अमुक एक जागा दाखवितो, तो आपले मत तपासून घेण्याची मुभाही देतो. कारण त्या जागी ऐकणाऱ्यास काही न आढळल्यास तो तसे सांगू शकतो. विशेषणाशी वाद घालता येत नाही; जागेशी घालता येतो. टीका आणि स्तुती ह्यांतील भेद हाच आहे.

दुसरे लक्षण, तिने माणूस ओळखावा. शिफारस ही कोणास तरी केलेली असते. एकच तबकडी एकास द्वार ठरते आणि दुसऱ्यास भिंत. ह्या बाबतीत आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली तर ती अप्रस्तुत होणार नाही. बडोद्याची आमची एक भाची काही काळ सुगम गाणे शिकत होती. शास्त्रोक्त गाणे ऐकू लागावे अशी तिची इच्छा दिसली, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने तिला अमीरखाँसाहेबांचा मारवा ऐकावयास दिला. मारवा आणि दरबारी ह्या दोन रागांची ही दीर्घवादन तबकडी १९६० साली निघाली. इंदूरच्या आम्हा मंडळींस तर तिचा अभिमान वाटणे साहजिकच होते, अमीरखाँ इंदूरचे. भाचीने आठवड्याने येऊन नम्रपणे सांगितले, ‘मामा, ऐकला. पण सगळा वेळ गाणे अजून सुरूच झाले नाही असे वाटत राहिले.’ आम्ही त्या वेळी मनातून खट्टू झालो आणि तिच्या कानास दोष देऊन मोकळे झालो.

पुढे विचार करता आमच्या लक्षात आले की ती मुलगी अगदी बरोबर बोलली होती. मारव्यात पंचम नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत ह्यांच्यावर त्याचा सारा भार. आणि ज्या षड्जावर कानास विसावावेसे वाटते, तो षड्ज गवई हेतुतः दूर ठेवतो. अमीरखाँनी झुमऱ्याच्या अतिविलंबित लयीत हा विसावा इतका लांबणीवर टाकला आहे की श्रोत्यास घरी पोहोचण्याची आस लागून राहते. ती अस्वस्थता म्हणजेच ते गाणे. भाचीला जे उणे वाटले तेच त्या तबकडीचे मर्म होते; तिच्या कानाने ते टिपले होते, पण ते टिपण्यासारखे आहे एवढे सांगणारे वाक्य आम्ही बरोबर दिले नव्हते. ‘षड्जाची वाट पाहा, तो आल्यावर काय होते ते सांग’, एवढे म्हटले असते तर कदाचित तिच्या तक्रारीचा शोध झाला असता. नंतर आम्ही तिला तिच्याच गावच्या दरबाराचे गवई फैयाजखाँ ह्यांची जयजयवंतीची जुनी, तीनच मिनिटांची मुद्रिका दिली. तिच्यात शब्दास मान आहे, आवाजात भारदस्त आपुलकी आहे आणि गाणे केव्हा सुरू झाले असा प्रश्नच पडत नाही. ती तिला रुचली. मारव्याकडे ती परत वळली की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही.

तिसरे लक्षण असे की, तिने उणीवही सांगावी. आवडत्या तबकडीचा दोष सांगणे म्हणजे निष्ठेस बाध आणणे, असा एक भाबडा समज आपल्या श्रोतृवर्गात रूढ आहे. वास्तविक दोष आधीच सांगितला म्हणजे नव्या श्रोत्याचे लक्ष त्यात गुंतून पडत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल वहीदखाँ (मृत्यू १९४९) ह्यांच्या गायनाचा अमीरखाँवर मोठा प्रभाव होता, हे मान्य झालेले आहे. मारवा आवडलेल्या श्रोत्यास त्यामागची परंपरा दाखवावयाची तर वहीदखाँकडे नेले पाहिजे. पण त्यांचे जे थोडे मुद्रण उरले आहे ते रेडिओवरच्या गायनाचे. त्यात आवाजाची प्रत जुन्या यंत्राची आहे. ‘खरखरीकडे कान देऊ नका, एका स्वराभोवती किती वेळ थांबता येते ते पाहा’, असे सांगूनच ती दरबारी पुढे ठेवावी. न सांगता ठेवली तर पाच मिनिटांत बंद केली जाईल, आणि एक श्रोता कायमचा दुरावेल.

ह्या तीन लक्षणांवर आता एक अत्यंत प्रसिद्ध शिफारस तपासून पाहू. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. प्रत्येकाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी होती. कार्ल सेगन ह्यांच्या प्रमुखत्वाखालील मंडळाने तिच्यासाठी पृथ्वीवरील सुमारे ९० मिनिटांचे संगीत निवडले. त्यात २७ भाग होते. भारताच्या वाट्यास एक भाग आला : सूरश्री केसरबाई केरकर ह्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी, साडेतीन मिनिटांची. तिची शिफारस संगीतमानवशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन ह्यांनी केली होती. मुद्रिका तेव्हा सहजी मिळत नव्हती. पुष्कळ शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका दुकानात ती हाती लागली. एका रसिकाने ‘हीच घ्या’ असा आग्रह धरावा आणि दुसऱ्याने दुकाने धुंडाळून ती मिळवावी, हा प्रसंग आमच्यापैकी कोणाच्याही गल्लीत घडतो तसाच आहे. फरक एवढाच की ह्या वेळी ऐकणारा कोण, हे कोणासच ठाऊक नव्हते.

ही निवड योग्य होती काय? जयपूर-अत्रौली गायकीच्या अभ्यासकास ती सहज खटकेल. १८९२ साली गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाईंनी अल्लादियाखाँसाहेबांकडे दीर्घ तालीम घेतली. त्यांची थोरवी आहे ती ख्यालात : अनवट रागांची गुंतागुंत सहज पेलणारा विशाल आकार, न तुटणारी स्वरांची साखळी, मध्येच दम न मोडता समेकडे वाहत जाणारी तान. ह्याचे पूर्ण दर्शन एका लहानशा भैरवीत घडणे शक्य नाही. भैरवी ही मैफलीच्या अखेरीस गावयाची. ती आरंभीची ओळख म्हणून देणे म्हणजे ग्रंथाचे शेवटचे पान आधी वाचावयास देणे होय. हा आक्षेप आम्हांस पूर्णतः निराधार वाटत नाही.

तरीही आम्ही ब्राउन ह्यांच्या बाजूने कौल देऊ. कारण त्यांनी पात्राचा आकार ओळखला. साडेतीन मिनिटांत एखाद्या मोठ्या ख्यालाचा तुकडा कापून दिला असता तर तो तुकडाच राहिला असता. ही भैरवी त्या अवधीसाठीच घडविलेली आहे. तिला आरंभ, विस्तार आणि शेवट आहे. आणि आकार लहान असूनही आवाजाची जात लहान झालेली नाही : पहिल्याच स्वरापासून तो भरीव, निःसंदिग्ध आकार आणि ती अढळ सुरेलता उपस्थित आहे. थोरवीचा विस्तार तेथे नसेल, पण थोरवीचा धातू आहे. संक्षेपाच्या कलेतील उत्तम नमुना म्हणून ती शिफारस टिकते.

पण ह्या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती आम्हांस अधिक चिंतेची वाटते. आज केसरबाईंचे नाव काढले की पुष्कळांच्या तोंडी पहिले वाक्य येते ते ‘अंतराळात ज्यांचे गाणे गेले त्या’ असे. म्हणजे शिफारस गाण्यापेक्षा मोठी झाली. केसरबाईंना रेडिओ आणि ध्वनिमुद्रण ह्यांविषयी फारशी आस्था नव्हती, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रत्यक्ष समोर बसलेल्या श्रोत्यासाठी गाणारी ही स्वाभिमानी कलावती. पहिले व्हॉयेजर यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्तृत्वाचा सारांश यानाच्या प्रवासाने व्हावा, हा त्यांच्यावर अन्याय आहे. जो ही गोष्ट सांगतो त्याने लगेच पुढे म्हणावे, ‘आणि आता त्यांचा एखादा ख्याल ऐका, तान सुरू झाली की श्वास कोठे घेतला ते शोधा.’ एवढे जोडले तर कीर्तीची कथा पुन्हा शिफारस होते. न जोडले तर ती केवळ वार्ता.

ह्याच प्रकारचा एक दोष अलीकडे फार वाढला आहे. त्याला आम्ही यादीचा दोष म्हणतो. ‘ऐकल्याच पाहिजेत अशा पन्नास मुद्रिका’ अशा धर्तीच्या याद्या सर्वत्र फिरतात. त्यांतील नावे बहुधा चुकीची नसतात. किशोरीबाई आमोणकरांचा भूप प्रत्येक यादीत असतो आणि तो तेथे असावयासच हवा. परंतु यादी कोणासाठी आहे, कोणत्या जागेसाठी आहे, ह्याचा पत्ता नसतो. यादीतील सर्व नावे ऐकून झाली की ऐकणाऱ्यास आपण परीक्षेत उत्तीर्ण झालो असे वाटते आणि तो पुढच्या यादीकडे वळतो. एकच मुद्रिका दहा वेळा ऐकण्यात जे शिक्षण आहे ते दहा मुद्रिका एकेकदा ऐकण्यात नाही. जुन्या काळी हे शिक्षण गरजेने घडे. घरात तबकड्याच मोजक्या असत, यंत्रास चावी द्यावी लागे, एका बाजूनंतर पोलादी सुई बदलावी असा दंडक असे. आज ती गरज उरलेली नाही. म्हणून तो संयम आपण होऊन पाळावा लागेल.

दुसरा दोष संग्राहकांचा. दुर्मिळ मुद्रण जवळ बाळगावयाचे, त्याचा उल्लेख चारचौघांत करावयाचा आणि कोणी मागितले की ‘पाहू पुढे’ म्हणावयाचे, ही वृत्ती आम्ही अनेक गावी पाहिली आहे. उसनी दिलेली तबकडी फुटून किंवा ओरखडून परत आल्याचे दुःख आम्हांसही ठाऊक आहे. लाखेची तबकडी हातातून निसटली तर तिचे तुकडे सांधत नाहीत. त्या काळी जपणूक क्षम्य होती. ध्वनीची प्रत मूळ वस्तूस धक्का न लावता करता येऊ लागल्यानंतर मात्र ही राखण रसिकतेची नसून मालकीची आहे, असे म्हणणे भाग पडते. जे कोणास ऐकविता येत नाही ते गाणे आपल्यापुरते तरी ऐकले जाते काय, ह्याचीही आम्हांस शंका आहे.

तिसरी गोष्ट दोष म्हणता येणार नाही, पण तिचा विचार केला पाहिजे. हल्ली एक मुद्रिका संपली की यंत्र आपण होऊन दुसरी सुचविते. ह्या सोयीमुळे कित्येक विस्मृत गवई नव्या कानांपर्यंत पोहोचले आहेत, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. मात्र यंत्र सुचविते ते तुम्ही किंवा तुमच्यासारख्या इतरांनी आजवर काय ऐकले त्यावरून. मारवा ऐकलात तर आणखी मारवा येईल. त्याच स्वरांचा पूरिया पुढे ठेवून ‘स्वर तेच, मग भाव का पालटला?’ असा प्रश्न विचारणारा माणूस निराळा. आणि मुख्य म्हणजे यंत्राची सूचना चुकली तर त्यास लाज वाटत नाही. आमच्या भाचीपुढे आम्हांस जी वाटली, त्या लाजेतूनच आम्ही तो मारवा पुन्हा ऐकला आणि अधिक समजून घेतला. चुकीची शिफारस करणाऱ्यासही शिकविते, हा ह्या व्यवहाराचा फार मोठा गुण आहे.

वरील विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यात असा. ध्वनिमुद्रिका दुसऱ्यास देणे हे दान नव्हे आणि प्रदर्शनही नव्हे. तो एक निर्णय आहे आणि निर्णयास कारणे लागतात. कोठे ऐकावे, कोणी ऐकावे आणि काय उणे आहे, ही तीन कारणे जो देऊ शकतो त्याने ती मुद्रिका खरोखर ऐकलेली असते. जो देऊ शकत नाही त्याची आवड खोटी असते असे नाही, परंतु ती अजून त्याची स्वतःची झालेली नसते. म्हणूनच शिफारशीस आम्ही रसिकतेची कसोटी म्हटले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अजून तबकड्यांची पेटी किंवा ध्वनिफितींचे खोके असेल. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, संग्रहाची व्यवस्था काय लावावयाची ती लावावी, पण तत्पूर्वी निवडक दहा मुद्रिकांच्या वेष्टनांत दोन दोन ओळींची चिठ्ठी घालून ठेवावी. अक्षर सुवाच्य असावे, विशेषणे कमी असावीत. काकांच्या उरलेल्या तबकड्यांपैकी एक आम्ही गेल्या रविवारी काढली. ‘आधी दुसरी बाजू लावावी’ हीच ती. चिठ्ठीप्रमाणे वागून पाहिले आणि नंतर क्रम उलटूनही पाहिले. आमचे मत काकांहून थोडे निराळे झाले आहे. पहिल्या बाजूचा तो न तापलेला आवाजच आम्हांस अधिक जवळचा वाटला. तसे आम्ही त्यांच्या चिठ्ठीखाली, दिनांक घालून, लिहून ठेवले आहे. पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्याने आम्हा दोघांत निवाडा करावा.